डावा हात

बावीस वर्षं मी जहाजांच्या पोटात वाकून वेल्डिंग केलं.
आता गुडघे म्हणतात, पुरे.
म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला,
तुर्कूच्या नदीकाठच्या त्या विटकरी इमारतीत
मी शिकवायला शिकतो.

वर्गात आम्ही अकराजण.
एक बेकरीवाला, अंगाला अजून राईच्या पिठाचा वास;
लिफ्ट दुरुस्त करणारा वेइक्को, जो नेहमी जिन्यानंच येतो;
केस कापणारी साइमी, बोलताना तिची दोन बोटं
हवेत कात्रीसारखी उघडत-मिटत राहतात.
सगळे आपापल्या कामात मुरलेले,
आणि सगळ्यांपुढे एकच कागद:
तासाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय येत असेल?

मी लिहिलं, जोडता येईल.
कागद परत आला. म्हणजे नेमकं काय?
मी लिहिलं, नीट जोडता येईल.
परत आला.

नीट म्हणजे काय, ते माझ्या मनगटाला ठाऊक आहे.
ते कधी बोललं नाही, मीही कधी विचारलं नाही.
मला शिकवलं म्हाताऱ्या लाउनोनं,
म्हणजे तो काही शिकवायचा नाही,
मागे उभा राहायचा, आणि चुकलं की
चिमट्यानं शिरस्त्राणावर टक्.
तीन वर्षांत एकूण चार वाक्यं.
त्यातलं एक: ऐक.

पहिला सराव-तास नोव्हेंबरात.
सात मुलं, सात काळे मुखवटे.
मी करून दाखवलं. टाका पडत गेला
माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक.
"पाहिलंत?"
होदान नावाच्या मुलीनं काच वर केली.
"पाहिलं. पण पुढे कधी सरकायचं, ते कसं कळतं?"

मी तोंड उघडलं.
"कळतं," एवढंच बाहेर आलं.
मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई काहीतरी लिहीत होत्या,
त्यांच्या पेन्सिलीचा आवाज मला पार फळ्यापर्यंत येत होता.

रागावल्या नाहीत. निघताना, मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या,
"उद्या जरा डाव्या हातानं करून बघा."

उद्या कुठला, त्याच रात्री केलं.
कार्यशाळेत एकटा.
डाव्या हाताला काही म्हणजे काही येत नव्हतं.
रॉड चिकटला. ओढला, पुन्हा चिकटला.
खांदा कानाला भिडला, श्वास कोंडून धरला होता
हेही मागाहून कळलं.
पट्टीला भोक पडलं,
उरलेल्या रेषेवरून जणू कोंबडी चालून गेली.
सत्तेचाळीस वर्षांचा मी, घामानं निथळत,
पुन्हा सतरा वर्षांचा;
फक्त मागे लाउनो नव्हता.

अकराव्या पट्टीवर आवाज बदलला.
फटफट थांबली. तव्यावर, लोण्यात, लहान मासे सोडावेत
तसं सलग चुरचुरायला लागलं.
आणि मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे शब्दांनी पाहिलं,
की वितळलेलं तळं आधी गोल असतं,
मग त्याची मागची कड जराशी लांबते,
आणि ते लांबणं म्हणजेच: चल.

हातमोजा काढून तसंच लिहून घेतलं,
कागदावर काळा अंगठाही उमटला.

पुढच्या तासाला म्हणालो, आज कुणी बघायचं नाही.
पाठ फिरवा. मी एकदा वाईट करतो, एकदा बरं. ओळखा.
पाचजणांनी ओळखलं. एकजण नुसता हसत राहिला.
होदान म्हणाली, "आई सांबुसा तळते, तसं वाजतंय."
पाठाच्या आराखड्यात मी मासे खोडून सांबुसा लिहिलं,
मग दोन्ही ठेवलं.

परीक्षा मे महिन्यात. पुस्तकाचं तिसरं प्रकरण
अजून डोक्यावरून जातं.
डाव्या हाताची ती पहिली पट्टी पिशवीत असते.
परवा बसमध्ये काढून बघत होतो.
समोरच्या सीटवरचा पोरगा, असेल सहाएक वर्षांचा,
भोकाला डोळा लावून म्हणाला, "कुणी केलं?"
"मी."
तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"येईल," म्हणाला.